डब्यावरचा पहारा

मुलीचं तोंड हलत होतं.

शाळेच्या जाळीपलीकडून तिच्या आईला ते स्पष्ट दिसलं. डबा मांडीवर होता, पण बंद. म्हणजे तोंडात होतं ते दुसऱ्या कुणाचं. ती फाटकातून आत शिरली, पोरांच्या गराड्यातून वाट काढत मुलीपाशी पोचली आणि थेट तिच्या तोंडात बोट घातलं. केकचा भिजलेला गोळा बाहेर आला. शेजारच्या मुली खायच्या थांबल्या.

"अहो, काय करताय?" वर्गाच्या बाई धावत आल्या. "वाढदिवस होता एकीचा. मीच वाटला केक."

"तिला गोड चालत नाही. सांगितलं होतं मी तुम्हाला."

बाईंनी आवाज खाली आणला. "तुमच्या डब्याला ती हातही लावत नाही. परवा कचऱ्याच्या डब्यातून कुणाचा तरी उष्टा पाव काढून खाल्ला तिनं. मी तुम्हाला बोलावणारच होते."

मुलगी जमिनीकडे बघत होती. रडत नव्हती.

आईनं तिचं दप्तर उचललं, तिचा हात धरला आणि तडक बाहेर पडली. कचऱ्यातला पाव. आणखी काय काय गेलं असेल पोटात, कोण जाणे.

ही मुलगी पोटात असताना आईला साखर निघाली होती. बाळ जन्मलं ते चांगलं गुटगुटीत. आल्यागेल्यांनी कौतुक केलं, आणि थोड्याच वेळात ते निपचित पडलं. बाळाची साखर एकदम खाली उतरली होती. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. घरी सोडताना नर्स म्हणाली, "हिच्या खाण्यापिण्याकडे लक्ष असू द्या हं." सगळ्यांनाच म्हणत असेल. हिनं मात्र ते काळजावर कोरून घेतलं. तिच्या स्वतःच्या आईचा पाय साखरेपायीच कापावा लागला होता. तेच आपल्याकडून पोरीला गेलं असणार, या विचारानं तिला कधी स्वस्थ बसू दिलं नाही. घरात गूळ येत नव्हता, बटाटा येत नव्हता, केळंही नाही. डब्यात उकडलेली भाजी आणि काकडी. दूधसुद्धा मोजून. नवरा म्हणायचा, "अगं, लेकरू आहे ते, कैदी नाही." ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

लाँड्रीत ती चादरींना इस्त्री करायची. जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या बायका डबे उघडायच्या आणि ही शाळेकडे सुटायची. पायाला भिंगरीच होती म्हणा ना. "हिचं बाळंतपण अजून संपलेलं नाही," त्या हसायच्या. स्वतःचं जेवण म्हणजे वाटेवरच्या टपरीतला गोड चहा आणि त्यात बुडवलेली बिस्किटं. त्याकडे बघायला वेळ कुणाला होता?

आजही ती लाँड्रीत परतली नाही. थेट कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेली.

"हिचं रक्त तपासा, डॉक्टर. आत्ताच्या आत्ता. केक खाल्लाय हिनं."

डॉक्टरीणबाई वयस्कर होत्या, कशाची घाई नसलेल्या. त्यांनी मुलीच्या बोटातून थेंब घेतला, तिला वजनकाट्यावर उभं केलं, मग भिंतीला टेकवून उंची घेतली. तेवढ्यात आई खुर्चीवर बसली, उठली, पुन्हा बसली. टेबलावरच्या जगमधून तिनं पाणी ओतून घेतलं. प्यायली. परत ओतलं. जग रिकामा झाला तेव्हा तिनं तो हलवून पाहिला.

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं होतं.

"हिची साखर अगदी व्यवस्थित आहे," त्या म्हणाल्या. "वजन मात्र नाही. उंचीही मागे पडलीय. खायला काय देता?"

तिनं सगळं सांगितलं. जरा अभिमानानंच सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी मध्ये तोडलं नाही.

"तुम्हाला त्या वेळी साखर होती, म्हणून हिला पुढे धोका थोडा जास्त, हे खरं. त्यासाठी सगळं खाऊ घाला, गोड बेताचं ठेवा, पळू द्या, खेळू द्या. वाढत्या पोरीला उपाशी ठेवून काही टळत नाही. आणि तुमची साखर?"

"ती गेली बाळंतपणानंतर."

"कुणी तपासली?"

तिनं मुलीची कॉलर सारखी केली. मग म्हणाली, "हिच्यातून सवडच होत नाही."

"पाणी नेहमी एवढं पिता?"

"वाफेत काम असतं ना दिवसभर."

"आणि रात्री? रात्री उठावं लागतं?"

"लागतं की. कितीदा तरी. पाण्याला, नाहीतर..." रात्री वाफ नसते, हे तिला बोलता बोलताच कळलं.

डॉक्टरीणबाईंनी तिचं बोट हातात घेतलं. यंत्र वाजलं. त्यांनी ते तिच्याकडे वळवून धरलं. त्यावरचा आकडा तिला समजावून सांगावा लागला नाही. इतकी वर्षं तो मुलीच्या रक्तात निघेल म्हणून ती जागत आली होती.

"उद्या उपाशीपोटी पुन्हा रक्त द्या, खात्री करून घेऊ. औषध लागेल असं दिसतंय. घाबरू नका, पण आता टाळूही नका."

"आणि हिला?"

"हिला जेवायला घाला."

रस्ता ओलांडल्यावर बेकरी होती. आईचे पाय तिथे आपोआप भरभर चालायचे, मुलीला पुढे ओढून नेण्याच्या रोजच्या सवयीनं. आज ती थांबली. जॅम लावलेला मऊ पाव घेतला आणि मुलीच्या हातात दिला. मुलीनं तो घेतला, पण तोंडाला लावला नाही.

"तू नाही खाणार?"

"मला नको. मला चालत नाही ते," आई म्हणाली. "तुला चालतं."

मुलीनं पावाकडे पाहिलं, मग आईकडे. पाव दोन्ही हातांत घट्ट धरून तिनं आईकडे पाठ फिरवली आणि मगच पहिला घास घेतला.