यमुनेची ओवी

“बाई, ओवी उत्तम, पण तिच्यात सीता असते. ही यमुना कुठून आली?” ओवीस्पर्धेच्या अध्यक्षांनी विचारले. लोकगीत पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे चालत येते, अशी त्यांची अढळ श्रद्धा होती.

“माझी लेक. औंदा बाळंतपणात गेली,” हौसाबाई म्हणाल्या.

सहपरीक्षक डॉ. निमकर दरवर्षीचेच थकल्या स्वरात बोलले, “जात्यावरची प्रत्येक बाई ओवीत आपली माणसे घालते. म्हणून तर ओवी जगली.”

“नियम म्हणजे नियम, डॉक्टर. बाई, सीता घालून पुन्हा म्हणा; नाहीतर बाद.”

“सीतेला समदं जग गातंय, सायेब. यमुनेला माझ्याबिगर कोण गाणार?” हौसाबाई उठल्या.

अस्सल परंपरा वाचवल्याबद्दल समितीने एकमेकांना शाली पांघरवल्या, डॉ. निमकरांनाही. ती शाल मांडीवर घेऊन परतताना ते नकळत हौसाबाईंची ओवी गुणगुणू लागले. तिच्यात यमुना होती.