समिधाची बिजागरी

दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा करताना अक्षता वरच्या जाळीतून आत पडतात आणि पंखा अडकतो. एवढ्याशा डब्यात त्या पंख्यापर्यंत पोचायचं तर आधी अर्धा संसार बाहेर काढावा लागतो. म्हणून समिधाने नव्या मॉडेलमध्ये हार्ड डिस्क बिजागरीवर बसवली. दारासारखी बाजूला केली की पंखा समोर.

कंपनीचे मालक धामणकर भडकले. "कस्टमर घरीच साफ करायला लागला, तर आपण मीरा रोडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काय टाळ कुटत बसायचं? माल निघायच्या आत बिजागरीला रिव्हेट मार. हलता कामा नये."

"बिजागरी राहू द्या, सर."

"नोकरी ठेवायचीय ना?"

समिधाने रिव्हेटची गन उचलली.

दसऱ्याला धामणकरांनी केबिनमधल्या नव्या कॉम्प्युटरवर मूठभर अक्षता उधळल्या. बटण दाबताच पंखा खडखडला आणि बंद पडला.

"समिधा, उघड गं हा लवकर."

"नाही उघडणार, सर. रिव्हेट मारलंय."

धामणकर खूश झाले. "म्हणजे उद्यापासून सर्व्हिस सेंटरला फोनवर फोन!"

"एकही येणार नाही," पर्स खांद्याला लावत समिधा म्हणाली. "रिव्हेट मी एकाच डब्याला मारलंय. तुमच्या."