रिकामी पट्टी

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून हेरंब पेनाने एकेक किनारा जोडत होता. मित्रांच्या दोन गाड्या, चार दिवस, आणि शेवटचा मुक्काम माझ्या माहेरच्या गावी. मी फेरीबोटीच्या वेळा लिहून घेत होते.

“खाडी आणि समुद्राच्या मधे वाळूची एक पट्टी आहे तिथे. चिटपाखरू नसतं. तंबू ठोकू, मासे भाजू, धमाल करू,” हेरंब म्हणाला.

त्या पट्टीवर मी कधीच गेले नव्हते. आमच्या गावात बायका तिथे जात नाहीत.

“तू कधी पाहिलीस?” मी विचारलं.

“तुझ्या बाबांना पोचवायला गेलो होतो ना, तेव्हाच हेरून ठेवली.” त्याने मोबाइल पुढे केला. सुरूची झाडं, बुडता सूर्य, कडेला थोडा धूर. “स्मशानाची शेड मुद्दाम फोटोत घेतली नाही. मित्रांना कळणारसुद्धा नाही.”

फोटो मोठा करून दाखवणाऱ्या त्या बोटांची मला शिसारी आली.

त्या दिवशी माझे सख्खे भाऊसुद्धा लवकर परतले होते. हा एकटाच सूर्य बुडेपर्यंत बाबांपाशी थांबला होता. वर्षभर मी ते ज्याला त्याला कौतुकाने सांगत होते.