घाटातलं नाव

“बघ, आता कुजबुजलीस तरी ऐकू येईल,” रंगनाथ ट्रक सुरू करत म्हणाला. मिरवायला म्हणून बसवलेला गडगडाटी पाइप त्याने कालच काढून टाकला होता आणि साधा सायलेन्सर लावून घेतला होता. घरी गेल्यावरही बायकोचे कान घुमत राहतात, हे कळल्यावर त्याला राहवलं नव्हतं.

शालन नुसतीच हसली. टोमॅटोचे क्रेट भरून ती कित्येक वर्षं त्याच्यासोबत कल्याणला जात होती. त्या गडगडाटाने डोकं उठायचं खरं, पण त्यातच तिचं एक सुख दडलेलं होतं.

माळशेज घाट लागला. पहिल्याच वळणावर एसटी अंगावर आली आणि सवयीने शालनच्या तोंडून निघून गेलं, “रंगा, दमानं रे माझ्या राजा!”

केबिनमध्ये ते लख्ख ऐकू आलं. घरीदारी ‘अहो’शिवाय न बोलणारी, उखाण्यातही नाव घेताना अडखळणारी शालन कानशिलांपर्यंत तापली. आता हे चिडले तर? सासूबाईंना सांगितलं तर?

रंगनाथने एसटीला वाट दिली.

“असं कधीपासून म्हणतेस?”

“पाइप बसवलात तेव्हापासून,” ती खिडकीबाहेर बघत पुटपुटली. “तुम्हाला ऐकू यायचं नाही, म्हणून... प्रत्येक वळणावर.”

रंगनाथने मिशीतलं हसू दाबत गिअर उतरवला.

“मग थांबलीस का? पुढं वळण आलंय.”