बीपीचा पट्टा

वजन कमी करण्याच्या ऑपरेशनआधी सर्जनने तिला अट घातली होती: तब्येतीवर कायम लक्ष ठेवणारा एक फॅमिली डॉक्टर आधी गाठा, मगच तारीख देतो. म्हणून ती या दवाखान्यात आली. खुर्चीच्या दोन हातांमध्ये मावली नाही, म्हणून उभीच राहिली. डॉक्टरांनी बीपीचा पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला. तो टर्रकन सुटला. पुन्हा गुंडाळला, पुन्हा सुटला.

"राहू दे. नॉर्मल लिहून टाकतो."

"न मोजताच? अहो, भूल देणार आहेत मला. उठले नाही तर?"

"मग जरा तोंडावर ताबा ठेवायचा होता, बाई. हा काय दंड आहे?"

"माझा आहे. तुमचा पट्टा तोकडा आहे. मोठा मिळतो बाजारात, तो मागवा."

"कुणासाठी? इतकी वर्षं दवाखाना चालवतोय, तुमच्या अंगाचं माणूस माझ्याकडे येतच नाही."

तिने त्यांच्या हातातून आपली फाईल ओढून घेतली आणि दार उघडलं.

"येतं, डॉक्टर. एकदाच येतं."