जुनं दुखणं

हरेश बाजारातून औषधं घेऊन परत आला, तर काळुराम दवाखान्याच्या बाकावर सदरा घालून तयार बसला होता. सकाळी आणलं तेव्हा बापाचा चेहरा पार उतरलेला. आता मात्र स्वारी खुशीत दिसत होती.

"बाबा, सर्जन कुठं हाय?"

"गेला जीपमधनं."

"आन् ऑपरेशन?"

"मी सांगितला, मना काय दुखत नाय."

हरेश मटकन बाकावर बसला. रोह्याच्या या विम्याच्या दवाखान्यात सर्जन महिन्यातून एकदाच यायचा. हरेशनं धाटावची नोकरी सोडली होती, पण तिथल्या विम्याचं कार्ड महिनाअखेरपर्यंत चालणार होतं. नागोठण्याच्या नव्या कंपनीचा विमाही सुरू झाला होता; फक्त आधीपासूनचा आजार त्यात वर्षभर धरत नव्हते. म्हणजे हाताशी दोन विमे असले, तरी बापाच्या अंतर्गळाचं ऑपरेशन व्हायचं तर जुन्यावरच, नि तेही आजच. हा मेळ जमवायला हरेशनं जंग जंग पछाडलं होतं. पेणच्याच माणसानं गणपती करायला जावं आणि व्हावा मारुती, तशी गत झाली.

"असं का बोललास पन?"

काळुरामनं आजूबाजूला बघितलं नि आवाज बारीक केला. "तूच बोललास ना घरी, नव्या कंपनीत जुना दुखना चालत नाय म्हनून? शेजारच्या जनूच्या पोराच्या तपासनीत छातीत डाग निघाला, तं त्याला कंपनीच्या गेटवरशीच परत धाडला. तुझ्या घरात दुखना निघाला तं तुना ठेवतील काय?"

"बाबा, ते विम्याचं बोललो मी, नोकरीचं नाय. माझी तपासनी कवाच झाली. मी कामाला लागलोय. तू आजारी हायस म्हनून मना कोन काढनार नाय."

"तू साधा हायस," काळुराम मायेनं म्हणाला. "कंपनीवाले कधी तोंडावर सांगतात काय?"

हरेशला बापाचा राग आला. मग स्वतःचाच आला, घरी नीट समजावून न सांगितल्याचा. जन्मभर मिठागरात टोपल्या वाहिलेल्या या माणसानं पोटातली कळ दाबून सर्जनपुढं हसून दाखवलं असेल, हे मनात आलं आणि त्याचे डोळे भरून आले. महिनाअखेरीआधी सर्जन काही पुन्हा यायचा नव्हता.

"चल, यष्टी चुकंल," म्हणत काळुराम उठला. चपलेत पाय सरकवायला वाकला आणि कळ आली तसा बाकाला धरून वाकलेलाच राहिला. हरेश झटकन खाली बसला, त्यानं बापाचा पाय हातात घेतला.

काळुरामनं पाय मागं ओढला.

"उठ, उठ," दरवाजाकडे बघत तो पुटपुटला. "कंपनीचा कोन बघंल."