चारशे एकोणीस

"बत्तीस प्रोसेसर आहेत ना या मशीनला? मग रिपोर्ट कुठे अडकलेत?" लॅबचे मोठे डॉक्टर दारातूनच कडाडले. नवा सर्व्हर सकाळीच लावला होता आणि अकरा वाजता काउंटरवर ही भली मोठी रांग. त्यात ऑपरेशन थिएटरमधून दोनदा फोन येऊन गेलेला: पेशंट टेबलावर आहे, रक्ताचा रिपोर्ट द्या.

डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईंनी स्क्रीन त्यांच्याकडे वळवला. "एकटा राबतोय. बाकीचे एकतीस हातावर हात धरून बसलेत."

"का?"

"तुमच्यामुळे."

डॉक्टरांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"नमुन्यांचे नंबर ओळीने हवेत, मधला एकही गळता कामा नये, हा तुमचाच नियम. म्हणून एकाची नोंद पुरी झाल्याशिवाय पुढचा नंबर सुटत नाही. बत्तीस आणा नाहीतर दोनशे, सगळे एकाच खिडकीशी उभे. मी प्रत्येकाला वीस-वीस नंबर आधीच वाटून देते. भराभर निघतील. फक्त एखादी नोंद फसली, तर तो नंबर वाया जाईल."

"छे! जमायचं नाही." डॉक्टर खुर्चीत बसले. आवाज उतरला होता. "आमच्याकडे नंबर गळला म्हणजे नमुना हरवला. एकदा हरवला होता, माझ्याच हातून. सापडेपर्यंत पेशंट गेला होता."

बाईंनी कीबोर्डवरचे हात मागे घेतले.

तिसऱ्यांदा फोन वाजला. डॉक्टरांनी घेतला, ऐकला, ठेवला.

"वाटा नंबर," ते म्हणाले.

पाच मिनिटांत प्रिंटर धडाधड सुरू झाला. थिएटरचा रिपोर्ट पहिल्या झटक्यात गेला, रांगही हलली. डॉक्टर मात्र यादीवर बोट फिरवत खाली खाली येत होते. बोट थांबलं.

"चारशे अठरा. मग एकदम चारशे वीस?"

"एकोणीस कुणाचाच नाही, डॉक्टर. नोंद फसली, तो नमुना दुसऱ्या नंबरावर गेला. हा नुसता रिकामा आकडा आहे."

"कळतंय मला."

कळलं होतंच त्यांना. तरी ते उठले, नळ्यांचा ट्रे पुढे ओढला आणि एकेक नळी उचलून मोजू लागले.

हे मशीनने कधीच मोजलंय, असं सांगणं बाईंच्या अगदी ओठावर आलं होतं. त्यांनी दुसरा ट्रे आपल्याकडे ओढला.